आनेकलची गार पट्टी

दुपारी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालताना थोडं सांडलं. तापलेल्या फरशीवरून त्या ओलीत पाय पडला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या आनेकलच्या माळावर पोचले.

उपग्रहाने टिपलेल्या उष्णतेच्या चित्रात, अगदी कडेला, तिथे एक काळी म्हणजे गार पट्टी दिसत होती. खडकातल्या भेगेवरची ओल, असं मी ठामपणे सांगितलं होतं. गावाची बोअरवेल तिथेच घ्यायचं ठरलं. आमच्या भूजल खात्याचे साहेब, मूळचे बेळगावचे, तिकडे जाताना जीपमध्ये म्हणाले, "ढग चित्राबाहेर राहिला नि सावली तेवढी आत आली असंल तर गं? तीही गारच दिसतीय की."

माळावर उतरल्यावर थर्मामीटर बाहेर निघायच्या आतच मी चपला काढल्या. तळपाय भाजत होते, तरी चालत राहिले. आणि एकाएकी माती गार लागली. उकरली, तर बोटांना चिकटली. मी मोठ्याने हसत सुटले.

साहेबांनीही बूट-मोजे काढले आणि शेजारी येऊन उभे राहिले. "सरी, बरोबर हाय तुझं," ते कानडी-मराठीत म्हणाले. "सावली असती तर एवढ्यात निघून गेली असती."

आज फरशी वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.