ड्रॉवरची चावी

इथे आखातात, आमच्या बांधकाम कंपनीत कामगारांचे पासपोर्ट माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतात. असे ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण 'सांभाळायला ठेवलेत' म्हटलं की कुणी खोदून विचारत नाही. पासपोर्ट हवा असेल तर आधी अर्बाबची, म्हणजे मालकाची, परवानगी आणि मग माझ्या रजिस्टरमध्ये सही. ही शिस्त मीच लावली होती आणि तिचा मला बराच अभिमानही होता.

बुधवारी दुपारी आमचा रत्नागिरीकडचा गवंडी आला. गावी आई अत्यवस्थ होती, त्याला संध्याकाळचं विमान पकडायचं होतं.

"साहेब, पासपोर्ट द्या. आई सारखं माझं नाव घेतेय."

अर्बाब निझव्याला गेले होते, फोन उचलत नव्हते. मी म्हणालो, "उद्या देतो, इन्शाल्ला." चावी तेव्हा माझ्याच खिशात होती.

संध्याकाळी अमेरातच्या घरी मुलगी शाळेचा प्रोजेक्ट मांडून बसली होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं अटलांटिकपार विकायची, त्या धंद्यावर गब्बर झालेल्या एका बंदराची माहिती. जहाजं बांधणारे, दोर वळणारे, विमा उतरवणारे, सगळ्यांची चित्रं तिने चिकटवली होती. शेवटी एक कारकून होता, पुढ्यात वही उघडून बसलेला.

"बाबा, हा पण बॅड होता का? हा तर ओन्ली नावं लिहायचा."

"त्याची नोकरी होती ती," मी म्हणालो.

तिने ते इमानदारीत लिहून घेतलं. मला उगाचच राग आला. अक्षर नीट काढ म्हणून तिच्यावर खेकसलो आणि जेवणावरूनही अर्धवट उठलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला एका जागी बसवेना. दहादा अर्बाबना फोन लावला, दहादा ड्रॉवरला हात लावला. ते चिडले तर, नोकरी गेली तर, मुलीच्या शाळेचं काय? घाबरायला मला कारणं कधी कमी पडली नाहीत. शेवटी दुपारी दोनला, कुणालाच न विचारता, ड्रॉवर उघडला आणि गाडी काढून वादी अदाईला त्याच्या खोलीवर गेलो.

तो दारातच बसला होता, मोबाइल मांडीवर उपडा ठेवून.

"हा घे. आजच्या विमानाने जा."

"आता कशाला, साहेब? आई पहाटे गेली. आमच्यात मयत ठेवत नाहीत, सकाळीच माती दिली. मी मोबाइलवर बघितलं."

मला इतकी लाज वाटली की पुढे केलेला हात मागेही घेता येईना. तो उठला, लुंगीला हात पुसून त्याने पासपोर्ट घेतला आणि माझ्या काखेकडे बघत विचारलं, "सही कुठं करू?"

रजिस्टर मी सोबत घेऊन आलो होतो.