नऊ पावलांवरचा डबा

ग्रीसच्या डब्यापर्यंतचे अंतर नऊ पावलांचे होते. मधल्या भिंतीच्या टोकाला दार होते, त्या दाराला कधी कडी लागत नसे, आणि डबा पलीकडच्या फळीवर त्याच्या नेहमीच्या जागी होता. मग धाकटा ती नऊ पावले का चालला नाही? पुढे जे घडले त्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट तपासून सांगता येते. या एका प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःला देता आले नाही, आणि त्याची हकीकत मांडताना इथेही ते सापडलेले नाही.

दोघे भाऊ गाड्या दुरुस्त करीत. वडिलांच्या मागे एकाच गाळ्यात त्यांनी बावीस वर्षे काम केले. गिऱ्हाइकांनी थोरल्याचे नाव ‘कान’ आणि धाकट्याचे ‘हात’ असे पाडले होते. थोरले, म्हणजे दादा, गाडीचे बॉनेट उघडू देत नसत. चालू इंजिनाकडे पाठ करून उभे राहायचे, मान जराशी तिरपी करायचे आणि ‘तिसरा सिलिंडर’ किंवा ‘पट्टा’ एवढेच म्हणायचे. त्यानंतर धाकटा, जिथे दुसऱ्याचे बोटही शिरणार नाही तिथे मनगट घालून, तो तिसरा सिलिंडर किंवा तो पट्टा ठीक करायचा. त्याला शिकवतानाही दादांनी दुसरे काही सांगितले नव्हते. त्याची मानगूट धरून इंजिनाजवळ न्यायचे आणि म्हणायचे, “ऐक.” गाळ्यावर नेहमी येणारे एक निवृत्त मास्तर गमतीने म्हणत की कान शाबूत आहे तोवर हाताला डोक्याची गरज नाही. सगळे हसत, धाकटाही हसे. पण ते हसू त्याच्या घशाखाली उतरत नसे.

वडिलांनी घालून दिलेले दोन नियम त्या गाळ्यात पाळले जात. इंजिनाच्या उष्णतेजवळ जो काही नट, बोल्ट किंवा सुटा भाग आट्यांवर फिरवून बसवायचा, त्याच्या आट्यांना आधी तांबूस ग्रीस लावायचे. ‘बसवणाऱ्याने काढणाऱ्याचा विचार करावा,’ असे ते म्हणत. हा पहिला नियम. आणि बसवून झाल्यावर त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, थोरल्याचा पिवळा, धाकट्याचा पांढरा, म्हणजे उद्या काही बिघडले तर कोणाचे काम ते विचारावे लागू नये.

दोघे वेगळे झाले ते एका यंत्रावरून. नव्या गाड्यांचे दोष वाचून दाखवणारे यंत्र धाकट्याला हवे होते. दादांचे म्हणणे, गाडी बोलते ते ज्याला ऐकू येत नाही त्याने यंत्र घ्यावे. हे वाक्य चार लोकांसमोर बोलले गेले. २००४ सालच्या उन्हाळ्यात गाळ्याच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. हत्यारे वाटली गेली, जॅक वाटले गेले, पाने मोजून वाटले गेले. ग्रीसचा डबा मात्र वाटायचा राहिला. तो कोणाचा असतो, हा प्रश्नच कधी कोणाला पडला नव्हता. तो फळीवर होता आणि फळी थोरल्याच्या बाजूला गेली.

चार महिन्यांनी वहिनी दादांची स्वतःची निळसर राखी, चौकोनी बांध्याची गाडी घेऊन भिंतीच्या अलीकडे आल्या. धुराच्या नळीच्या तोंडाशी, बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मॅनिफोल्डमध्ये बसणारा, अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. इंजिनातून निघणाऱ्या धुरात किती प्राणवायू उरला ते तो मोजतो. तो खराब झाला असावा, असे दादांना वाटत होते. वहिनींनी निरोप जसाच्या तसा सांगितला, “तुझ्याकडे मशीन आहे, तूच बघ, म्हणाले.” आज त्या वाक्यात हात पुढे केलेला दिसतो. धाकट्याला तेव्हा टोमणा दिसला. त्याने नवा सेन्सर आणला. त्याच्या आट्यांवर ग्रीस नव्हते, ते लावायचे होते. डबा पलीकडे होता. दादा त्या वेळी तिथे कोणाशी तरी बोलत होते आणि त्यांचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता. त्याने सेन्सर कोरडाच फिरवून घट्ट केला, पांढरा ठिपका दिला आणि किल्ली वहिनींच्या हातात ठेवली.

त्यानंतर दोघे भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना अकरा वर्षे जगले. घरच्या कार्यात एकमेकांना ताटे सरकवीत, नजर सरकवीत नसत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे तर सुंभही जळला नव्हता.

२०१५ च्या पावसाळ्यानंतर दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. डॉक्टर, व्यायाम, चित्रांचे पत्ते, सगळे झाले. एके दिवशी दवाखान्यातून परतताना वहिनींनी गाडी सुरू केली आणि शेजारच्या आसनावरून आवाज आला, “ऐक.” त्यांना भास वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादांना पुन्हा खाली आणून गाडीत बसवले, इंजिन चालू केले आणि पुन्हा तोच शब्द आला. घरात नाही, दवाखान्यात नाही, धाकट्याच्या व्हॅनमध्ये बसवून पाहिले तर तिथेही नाही. फक्त त्या गाडीत, ते इंजिन चालू असताना. मग रोज सकाळी दहा वाजता त्या दोघांचा तो अर्धा तास ठरून गेला. दादा डावा हात डॅशबोर्डवर ठेवीत, मान जराशी तिरपी करीत आणि एकदा, कधी दोनदा, तेवढे म्हणत. वहिनी बाकीचे साडेतेवीस तास त्यावर काढीत.

तो अर्धा तास २०१६ च्या मार्चमध्ये धोक्यात आला. गाडी धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली होती. महिनाअखेरीस तिसरी तपासणी होती. तीत नापास झाली तर नोंदणी रद्द, आणि बिननोंदणीची गाडी रस्त्यावर उभी करता येत नाही. वहिनींच्या घराला अंगण नव्हते, आणि गाळ्यात ठेवावी तर दादांना रोज तिथवर नेणे जमणारे नव्हते. वहिनींनी गाडी धाकट्याकडे आणली. यंत्र लावताच दोष लगेच कळला. सेन्सर मेला होता. बदलला की झाले.

धाकट्याने गाडी उचलून खाली दिवा धरला. सेन्सरच्या षट्कोनी डोक्यावर, गंजाच्या पापुद्र्याखाली, पांढरा ठिपका होता.

त्याने पाना लावला. हलला नाही. इंजिन गरम करून लावला, तरी नाही. गंज सोडवणारे तेल पाजले आणि रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दगडाला पाझर फुटला असता एक वेळ. आख्खा मॅनिफोल्ड काढून ड्रिलच्या यंत्रावर न्यावा, तर त्याचे बोल्टही तितकेच धरलेले. भंगारवाल्याकडे तसला दुसरा मॅनिफोल्ड आहे का, विचारले. त्याने पान थुंकावे तसे उत्तर थुंकले की त्या जातीच्या गाड्या आता फोटोतच दिसतात, आणि माणसाने तरी इतकी वर्षे का चालावे.

नव्या सेन्सरसाठी ग्रीस लागणार होते. धाकटा भिंतीच्या टोकाच्या दारातून पलीकडे गेला. दादांचा अर्धा गाळा झटक्यापासून बंद होता. डबा फळीवर होता. वरचे ग्रीस सायीसारखे घट्ट झाले होते, बोट खुपसले तर खाली मऊ होते. परत येताना त्याने पावले मोजली.

दादांची रीत त्याला ठाऊक होती. तापवायचे, निवू द्यायचे, तेल द्यायचे, आणि असे तीन दिवस करायचे. आटे त्यांच्या मर्जीने सुटतात, आपल्या नाही, असे ते म्हणत. त्याने दोन दिवस तसेच केले. तिसरा दिवस महिन्याचा शेवटचा होता आणि तपासणीची वेळ चारची होती. सकाळी वहिनी दादांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या. दहाचा अर्धा तास चार दिवस बुडाला होता, निदान गाडी दिसेल तरी, म्हणाल्या. दादा गाळ्याच्या तोंडाशी बसले. नजर गाडीवर होती की तिच्या पलीकडे, ते कळत नव्हते.

दुपारी दोन वाजता धाकट्याने ज्योतीने मॅनिफोल्ड लाल होईपर्यंत तापवला आणि पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाईप चढवला. पाईप चढवणे त्या गाळ्यात निषिद्ध होते. पाईपमुळे जोर वाढतो, पण हाताला काही कळेनासे होते. त्याने भार टाकला. सेन्सर हलला. पाव वेढा, स्पष्ट. आट्यांची कुरकुर ऐकू आली. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

त्याने पुन्हा पाईप धरला आणि तेव्हा मागून आवाज आला.

“ऐक.”

इंजिन बंद होते. सहा महिन्यांत दादा बंद इंजिनापाशी प्रथमच बोलले होते. वहिनींच्या तोंडून हुंदका निघाला. धाकट्याने तो शब्द ऐकला, त्याचा अर्थही त्याला कळला. सुटणारा आटा कुरकुरतो आणि फुटणारे बीड टिचकते, हे त्याला याच शब्दाने शिकवले गेले होते, आणि कुरकुरीच्या खाली ती दुसरी टिचकी होती, हे त्याला नंतर आठवले, किंवा तेव्हाच ऐकू आले होते. त्याचे हात थांबले नाहीत. आणखी पाव वेढा, एवढेच त्याच्या मनात होते. मॅनिफोल्ड सेन्सरच्या भोकापासून खालच्या जोडापर्यंत उभा फाटला. आवाज फार मोठा झाला नाही.

त्याने इंजिन चालू करून पाहिले. फाटीतून धूर आणि भडका बाहेर येऊ लागला, गाळा धडधडला, त्या आवाजात इंजिनाचा मूळ आवाज उरला नाही. दादांनी डोळे मिटून घेतले. धाकट्याने इंजिन बंद केले.

“वहिनी,” तो म्हणाला, “तो मीच बसवला होता. कोरडा. ग्रीस मागायला आलो नाही.”

वहिनी खुर्चीच्या मुठीवरची धूळ पदराने पुसत होत्या.

“माहीत आहे, भावोजी.”

“तुम्हांला कसं?”

“यांनी त्याच आठवड्यात वाकून बघितलं होतं. म्हणाले, कोरडा बसवलाय लेकानं. मी म्हटलं, मग काढा आणि ग्रीस लावून बसवा, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाले, ज्यानं बसवलाय त्यानंच काढावा. येईल कधीतरी.” त्या थांबल्या. “दोघंही शहाणे. मी मधली भिंत.”

ते वाक्य त्यांनी रागाने म्हटले नाही. राग असता तर धाकट्याला धरायला काहीतरी मिळाले असते. त्याने दादांसमोर गुडघे टेकले आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. तो हात त्याने बावीस वर्षे शेजारी पाहिला होता, धरला कधी नव्हता. बोटांच्या पेरांत जुने काळे तेल अजून होते. तो काही बोलला असे वहिनी सांगतात, काय ते त्यांना ऐकू आले नाही. दादांची मान तिरपी झाली नाही. चार वाजता तपासणीच्या जागी कोणीही गेले नाही.

गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ओढून नेली गेली. धाकट्याने तिच्या इंजिनाचा आवाज कोणी कधी टिपून ठेवला होता का, याची चौकशी नात्यांत आणि ओळखीपाळखीत केली. एका भाच्याकडे वाढदिवसाच्या चित्रफितीत तो आठ सेकंद होता, पण त्यावर मुलांचा गोंगाट होता. तो दादांना ऐकवला. काही झाले नाही. पुढे धाकट्याने काम सोडले नाही. बसवलेल्या प्रत्येक आट्याला तो ग्रीस लावी, इतके की गिऱ्हाइके हसत. ठिपका देणे मात्र त्याने बंद केले.

दादा २०१८ च्या ऑगस्टमध्ये वारले, त्या दुपारनंतर ते पुन्हा बोलले नव्हते. २०२१ च्या जानेवारीत गाळा टायरवाल्याने घेतला आणि मधली भिंत एका सकाळी पाडण्यात आली.