केसींची कबर

"पोरीला आडनावानं हाक मारायची? पलटणीत भरती केलीय का तिला?"

"बाबा, केसी आता मुलांचंही नाव असतं, मुलींचंही. अमेरिकेत तर सर्रास!"

"मग बारसंही तिकडंच घाल!"

बाळाच्या आईने, ओर्लाने, कप आपटला. केसी या आयरिश आडनावाचा अर्थ जागता, पहारा देणारा. गाई व्यायला झाल्या की तिचा बाप मॅलॅकी केसी खरोखरच गोठ्यात जागत बसायचा. त्याला सगळ्या मुलीच. लग्न होऊन त्या दुसऱ्या आडनावांत गेल्या आणि गावात केसी म्हणून तो एकटाच उरला. उद्या पाद्री कबरींवर तीर्थ शिंपडणार, म्हणून आज घरोघरची माणसं आपापल्या कबरी घासायला निघाली होती.

"तुमच्यामागं केसींची कबर कोण घासणार, बाबा?"

मॅलॅकीने टोपी चढवली, कबर घासायचा ब्रश बाबागाडीत नातीच्या पायाशी ठेवला आणि गाडी ढकलत तो कबरस्तानाकडे निघाला.