कमी व्हिनेगरची अळंबी

प्रोफिराच्या घरात विकतचं येई ते मीठ, साखर आणि काडेपेटी. बाकी सगळं तिच्या हातचं. बोतोशान शहराजवळच्या त्या गावातल्या बायका तिचं तळघर मुद्दाम बघायला येत. टोमॅटोचा रस, आंबवलेला कोबी, भाजलेल्या मिरच्या, आलुबुखाराचा मुरांबा आणि वरच्या फळीवर रानातली अळंबी. शहरात राहणारी सून ओतिलिया म्हणायची, "आई, हे सगळं दुकानात मिळतं हो."

"मिळत असेल. पण कुणी केलंय ते कळतं का?" प्रोफिराचं उत्तर ठरलेलं.

त्या वर्षी तिच्या नवऱ्याला, इलारियोनला, आंबट खाल्लं की छातीत जळजळायचं. म्हणून तिने अळंबीच्या बरण्यांत व्हिनेगर निम्म्यानेच घातलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी चर्चमधून बाहेर पडताना इलारियोन थबकला. "प्रोफिरा, मनोऱ्यावर दोन क्रॉस कधी बसवले?"

"सकाळीच प्यायलास की काय?"

"थेंब नाही. शप्पथ."

घरी येईस्तोवर त्याच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या. पाणी दिलं तर ते नाकातून बाहेर आलं. तो बोलायला गेला, पण शब्द धड फुटेनात. प्रोफिराने शेजाऱ्याला हाक मारली. शेजाऱ्याच्या गाडीतून तिने त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून त्याचे डोळे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी बंद केलेल्या बरणीतलं काही खाल्लंत?"

"परवा. अळंबी. पण वास चांगला होता, मी स्वतः एक तुकडा चाखला होता!"

"या विषाला वास नसतो, बाई. बरणी हवाबंद असली आणि आंबटपणा कमी पडला, की ते तयार होतं. प्रतिविष याश शहरातून मागवतेय. त्याआधी श्वास अडायला लागला तर यंत्र लावू. तुम्हीही इथेच थांबा. पापण्या जड वाटल्या तर लगेच सांगा."

आंबटपणा कमी पडला. तो तर तिनेच कमी केला होता.

प्रोफिरा बाकावर बसली. भिंतीवरची सूचना ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. अक्षरं दोन-दोन तर दिसत नाहीत ना? गिळता येतंय ना? आणि एकदम तिला आठवलं. गेल्या आठवड्यात तिने ओतिलियाला दोन बरण्या दिल्या होत्या. त्या घरात सहा वर्षांची नात, स्मरांदा.

तिने फोन लावला. तो वाजत राहिला. कुणी उचलेना. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. शेवटी ओतिलियाचाच फोन आला.

"आई, गाडी चालवत होते, आत्ताच घरी पोचले. काय झालं?"

"अळंबी उघडलीस का?"

"का हो, आई?"

"ओतिलिया!"

"रागावू नका हं, आई. तुमची अळंबी घरात कुणालाच आवडत नाही. बरण्या मी नेहमी खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकते. याही दिल्या."

एरवी प्रोफिराने वर्षभर अबोला धरला असता. आता तिने डोळे मिटून स्मरांदासाठी देवाचे आभार मानले आणि पुढच्याच क्षणी किंचाळली, "मग खाली धाव! दार फोड, पण त्यांना खाऊ देऊ नकोस!"

दहा मिनिटांनी फोन आला. ओतिलियाला धाप लागली होती. एक बरणी झाकण उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवलेली होती. बाई ब्रेड कापत होत्या, घास अजून घेतला नव्हता.

इलारियोन अकरा दिवस यंत्रावर होता. प्रोफिराला काही झालं नाही, का ते डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगता येईना. तिला मात्र आपण सुटलो याचीच लाज वाटत होती.

डिसेंबरात सासू-सुना तळघरात उतरल्या. अळंबीच्या उरलेल्या बरण्या आरोग्य खात्याची माणसं केव्हाच घेऊन गेली होती.

"मुरांबा राहू दे," प्रोफिरा म्हणाली. "कोबीही राहील, तो आंबट होतोच. ब्रेड मीच भाजणार. पण अळंबी, घेवडा, मांस... बंद बरणीत पुन्हा नाही. ते दुकानातलं."

"आणि भाजलेल्या मिरच्या?"

त्या म्हणजे इलारियोनचा जीव की प्राण. प्रोफिराचा हात फळीवरच थांबला. "त्याही बाजूला काढ. डॉक्टरीणबाईंना विचारून टाकून देऊ."

नाताळाआधी इलारियोन घरी आला. आवाज अजून खोल गेलेला होता, पण जेवू लागला होता. तिने त्याच्यापुढे गरम सूप ठेवलं आणि समोर बसून त्याच्या पापण्यांकडे बघत राहिली.

"काय बघतेस अशी?"

"काही नाही. तू जेव."

त्याने घास गिळेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता.