दोन जात्यांची गिरणी

गिरणीवाले हबीबचाचा डबा काट्यावर ठेवण्याआधी धान्यात कोपरापर्यंत हात घालायचे. मूठभर दाणे हुंगायचे आणि त्या घराची खबर मोठ्यानं सांगायचे. ब्याऐंशी साली मी राजूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझ्या डब्यात गहू पाहून त्यांनी साऱ्या रांगेदेखत विचारलं, "बाई, पाव्हणे आलेत का?"

तेव्हा गिरणीत एकच जातं होतं. सहा दिवस त्यावर ज्वारी चालायची, गहू सणापाहुण्यांपुरता, फक्त शनिवारी.

मग शिवारात कापूस वाढला, लोकांच्या हाती रोकड खेळू लागली, रेशनवर गहू मिळू लागला. शांताबाई नावाची मजूर बाई एकदा गव्हाचं गाठोडं घेऊन आली. चाचांनी सवयीनं तोच प्रश्न केला. ती म्हणाली, "पाव्हणे कशाचे? आता रोजचंच हाय." चाचा खजील झाले. पुन्हा त्यांनी कुणाला तसं विचारलं नाही. गव्हासाठी दुसरं जातं बसवलं आणि हळूहळू ज्वारीचं जातं आठवड्यातून एकदाच फिरू लागलं.

काही वर्षांनी बियाण्यांचे एक व्यापारी मोटारीतून ज्वारी दळायला आले. त्यांना साखरेचा आजार निघाला होता. ते गेल्यावर चाचा मला म्हणाले, "बाई, शांताबाई गहू खाऊन राह्यली अन् शेठ ज्वारी. मला तर बिलकुल समजून न्हाई राह्यलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा." मी काहीतरी पुस्तकी बोलले. त्यांना ते पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

पुढच्याच वर्षी चाचींनाही साखर निघाली. बाजारात ज्वारी गव्हाहून महाग झाली होती. जवळच्या धावडा गावातल्या एका शेतकऱ्यानं बैलांच्या कडब्यापुरती पेरली होती, त्याच्याकडून चाचांनी दोन पायल्या आणल्या. मी चाचींना भेटायला गेले होते, तेव्हाच ते ताजं पीठ परातीत घेऊन घरात आले. पीठ पाहताच चाचींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शादी होके आयी तबसे ज्वारीच खायी. आत्ता कहीं रोज की गेहूं की रोटी मिली, तो फिर वहीच?"

चाचा परात धरून तसेच उभे. "डॉक्टर बोलला," एवढंच म्हणत राहिले. मग बसून स्वतःच भाकरी थापू लागले. ती तव्यावर टाकताना तुटली. चाची रडता रडता हसल्या आणि त्यांनी परात ओढून घेतली. पण भाकरी मात्र चतकोरच खाल्ली.

त्यानंतर चाची जेवताना चाचा त्यांच्यासमोर बसून राहायचे. ताटात गव्हाची रोटी दिसली की उचलून न्यायचे.

दोन वर्षांनी त्या गेल्या. चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी चाचा शाळेच्या फाटकाशी आले. आत या म्हटलं तरी येईनात.

"बाई, उद्या तिच्या नावानं लोकांना जेवू घालायचंय. तिला आवडायचं ते करू, का मी खायला लावलं ते?"

"आवडायचं ते करा," मी म्हणाले.

ते जायला वळले आणि फाटक धरून थांबले.

"मंग ती जित्ती व्हती तवा मी काहून अडवलं?"