दोन ओट्यांचं घर

ताज्या रंगाच्या वासात एक विलक्षण निरागसता असते. देवळ्याच्या आमच्या घराचं कुलूप परवा सकाळी काढलं आणि तो वास असा सामोरा आला, जणू या भिंतींनी आजवर काही पाहिलेलंच नाही. नवे नळ, तेल दिलेली दारं, लख्ख फरशी. सामान आणावं आणि राहू लागावं, असं हे विकाऊ घर. मग ते पाहून माझं मन प्रसन्न का होईना? माणूस भिंती रंगवतो त्या उजेडासाठी, की मागचे डाग स्वतःलाच दिसू नयेत म्हणून?

घर पाहायला एक शिक्षक जोडपं आलं होतं. माझा धाकटा भाऊ आता नाही. त्याची बायको सुशीला नाशिकहून आली होती, कारण घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. शेजारच्या कमळाबाई मात्र न बोलावताच आल्या होत्या.

शिक्षकाच्या बायकोला स्वयंपाकघर आवडलं. पण भिंतीपलीकडे दुसरा ओटा पाहून ती थबकली. "एका घरात दोन स्वयंपाकघरं कशी?"

"धाकटीनं येगळी चूल मागितली ना," कमळाबाई म्हणाल्या. "सासू बिचारी लय रडली."

धाकटी तिथेच उभी होती. खिडकीच्या गजावर उडालेला रंगाचा थेंब ती नखाने खरवडत राहिली. या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं, हे तिला किती वर्षांपासून ठाऊक असेल?

वेगळी चूल मी मागितली होती. भाऊ बाजार समितीत कांद्याचा व्यापार करी. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या कपड्यांना, त्याच्यासोबत येणाऱ्या माणसांना, साऱ्या ओसरीला कांद्याचा उग्र दर्प येई. मी बँकेत अधिकारी झालो होतो आणि साहेबांना जेवायला बोलवायची मला लाज वाटे. तेवढ्यासाठी मी आईला म्हणालो, आमचं वेगळं कर. थोरल्याने असं मागितलं म्हटलं तर गाव काय म्हणेल, या धास्तीने आईने धाकट्या सुनेचं नाव पुढे केलं. आपल्याकडे घर फुटलं की सुनेचंच नाव निघतं आणि त्यावर कुणी पुरावा मागत नाही. मी गप्प राहिलो. पुढे सुशीलाच्या मुलीचं जमत आलेलं लग्न 'आई घर फोडणारी' म्हणून फिसकटलं, तेव्हाही मी गप्पच होतो. मौन इतकं मुरतं की पुढे ते खोटंच आपल्याला खरं वाटू लागतं.

पण त्या सकाळी, अनोळखी माणसांसमोर, ते खोटं माझ्या घराबरोबर विकलं जाणार होतं. नव्या मालकांच्या तोंडी ते आणखी एक पिढी जगलं असतं.

"कमळाबाई," मी म्हणालो, "चूल मी वेगळी मागितली. सुशीला तर आईच्या पाया पडून नको म्हणत होती."

मी ओट्याला टेकलो.

सुशीलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "दादा, एवढं बोलायला घर विकायला काढावं लागलं?"

मग ती कमळाबाईंकडे वळली. "आता हेही गावभर सांगा. माझं सांगितलं होतं तेवढ्याच हौसेनं."

कमळाबाईंनी पदर सावरला. "सांगते की. मला काय कुणाची भीती हाय?" म्हणाल्या आणि लगबगीने निघाल्यासुद्धा. त्यांच्या पावलांच्या गतीवर मी आयुष्यात प्रथमच खूश झालो.

शिक्षकाने दोन ओट्यांमधल्या भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. ही पाडली तर चालेल का, त्याने विचारलं. मी सुशीलाकडे पाहिलं. "पाडा," ती म्हणाली, "मूळची नाहीच ती."

क्षमा तिने केली की नाही, मी विचारलं नाही. ती मागण्याचा हक्क मला कुठून असणार? तरी छातीवरून काहीतरी उतरलं होतं खरं. जोडपं गेल्यावर तिने घरातल्या साऱ्या खिडक्या उघडल्या. रंगाचा वास विरत गेला आणि बाजाराच्या बाजूने वाऱ्यावर कांद्याचा तोच उग्र दर्प आत आला. कधीकाळी मी लगेच उठून खिडकी लावून घेत असे. परवा मी तिथेच बसून राहिलो.