गाडीतला नवरा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना घरात कुणी मोकळेपणी बोलताना ऐकलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. बायको सांगणार नाही, मुलगी तर नाहीच नाही. कामावरून आले की बूट काढायचे, अवजारांची पिशवी कपाटाखाली सरकवायची, जेवायचं आणि खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसायचं. भाजी कशी झालीय विचारलं तर "ठीक". मुलगी परीक्षेत पहिली आली, तेव्हाही "ठीक". तिचं लग्न ठरलं तेव्हा मात्र स्वारी खुलली आणि म्हणाली, "बरं झालं."

हाच माणूस लांबच्या गाडीत बसला की वेगळा. कुठल्या गिरणीचा काटा अडकला, कुठल्या गोदामाचा जास्त वजन दाखवायला लागला, की कंपनी यांना धाडायची. पितळी वजनांची पिशवी बाकाखाली गेली, गाडीने फलाट सोडला, की यांच्या अंगात वारं शिरायचं. अडकलेली खिडकी उघडून द्यायची, म्हाताऱ्या माणसाला आपला खालचा बाक द्यायचा, आपली फुगवायची उशी कुणाच्याही पोराच्या डोक्याखाली सरकवायची. संध्याकाळी जेवणाचे डबे उघडले की गप्पांचा फड यांचाच. पुलावर गाडीचा आवाज कसा बदलतो, ते बाकाच्या फळीवर बोटांनी वाजवून दाखवायचे. उतरताना निम्मी माणसं दारापर्यंत सोडायला यायची. घरी यातलं काहीच पोचायचं नाही, पोचायचा तो फक्त धुवायचा टॉवेल.

निवृत्त झाले आणि गाड्या सुटल्या. सांगायचे नाहीत अर्थात, पण दूरवर शिट्टी वाजली की हातातला पेपर खाली यायचा. अशातच मुलीने लांबच्या शहरात घर घेतलं आणि आईबाबांना बोलावलं. जावई विमानाचं तिकीट काढायला निघाले होते. "नको, गाडीनेच येतो," हे म्हणाले, आणि बायकोकडे वळून, "तुला एकदा दाखवायचंय." काय दाखवायचंय ते काही सांगितलं नाही. पण निघायच्या आधी त्यांनी स्वतः थर्मास उन्हात वाळवला आणि उशी फुगवून रात्रभर हवा टिकते का बघितली. बायको हे सगळं मजेत बघत होती. नवऱ्याबरोबर एवढा लांबचा प्रवास तिने कधीच केला नव्हता.

गाडी सुटली. ती खिडकीशी, हे शेजारी.

"आता बोगदा येईल. डोळे मिटू नकोस हं, पलीकडे एकदम तळं दिसतं."

तिने वळून त्यांच्याकडेच बघितलं. बोगदा आला, काळोख झाला, आणि पलीकडे खरंच उन्हात चमकणारं भलंमोठं तळं. तिला इतका आनंद झाला की तिने त्यांचा दंड धरला.

"पूर्वी या खिडक्या उघड्या असायच्या," ते सांगत होते. "कोळशाचा कण डोळ्यात गेला की समोरचा माणूस रुमालाचं टोक करून काढायचा. कोण कुठला, ओळख ना पाळख, पण आपला डोळा त्याच्या हातात देऊन बसायचं."

समोर नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा मोबाइलमध्ये बुडालेला. काट्यांच्या दुरुस्तीवाल्यांना राहवलं नाही. "अहो जावईबापू, जरा बोला की तिच्याशी. बायकोशी न बोलणाऱ्या नवऱ्यापेक्षा रिकामा बाक बरा, पाय तरी पसरता येतात." जोडपं खळखळून हसलं. पलीकडच्या बाकावरचेही हसले. बायको तेवढी हसली नाही. ती परत खिडकीबाहेर बघायला लागली, आणि यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मधल्या मोठ्या स्टेशनावर एक बाई चढल्या. शिवणकामाचे वर्ग घेणाऱ्या, हातात कापडांची थैली. यांना बघून थांबल्याच.

"काटेवाले ना तुम्ही? ओळखलंत का?" मग बायकोकडे बघून त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "म्हणजे तुम्हीच त्या. बऱ्या आहात ना आता? तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी हे याच गाडीत होते. काय रडले हो. तिला काही झालं तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणत होते. तिच्या हातच्या साध्या चहाबद्दलसुद्धा किती बोलले. आम्ही धरून बसवलं, पाणी पाजलं. मी घरी जाऊनसुद्धा तुमच्यासाठी हात जोडले होते."

"हो, मीच ती," बायको म्हणाली. "बरी आहे मी." आणि सरकून बाईंना जागा दिली.

यांची बोटं फळीवर होती, ती तिथंच राहिली. त्या दिवशी दवाखान्यात तिच्या खाटेजवळ उभं राहून हे काय म्हणाले होते, ते दोघांनाही पाठ होतं. "निघतो. गाडीची वेळ झाली." बस्स. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं आणि हे निघून गेले होते.

शिवणाच्या बाई आपल्या जागेवर गेल्या, जोडपं चहा प्यायला खाली उतरलं. तेव्हा बायको हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला बोलताच येत नाही. म्हणून मी कधी रागावले नाही. ज्याला येतच नाही, त्याच्यावर काय रागवायचं?"

भांडली असती तर बरं झालं असतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे तिचं होतं, ते हे आयुष्यभर परक्यांना वाटत फिरले होते. डोळे पुसायला अनोळखी माणसं आणि भिंतीकडे बघत पडून राहायला बायको. माणसाला आपल्याच चांगुलपणाची लाज वाटावी, यापरती नामुष्की कुठली?

मुलीच्या घरी त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. एकदा बायको गच्चीत एकटी होती. हे मागे जाऊन उभे राहिले, घसा खाकरला, म्हणाले, "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी..." तिने काम थांबवून वर बघितलं. आणि हा बहाद्दर म्हणतो, "हे कपडे वाळलेत. काढू का?" काढले बिचाऱ्याने, घड्यासुद्धा घातल्या. तिला हवं होतं ते एकच वाक्य होतं आणि तेच राहून गेलं.

परतीच्या गाडीत त्यांनी कानाला खडा लावला. घरी जे जमत नाही, ते इथेही नको. समोरच्या बाकावरच्या माणसाने गप्पा काढायचा प्रयत्न केला, तर हे "हं", "ठीक". उशी पिशवीत तशीच चपटी. तो माणूस कंटाळला आणि आपलं स्टेशन आल्यावर उतरून गेला. तळं आलं, बोगदा आला, तरी हे आपल्या नखांकडे बघत बसलेले.

"आता इथंही?" बायकोने विचारलं.

"तुझ्यादेखत कुठल्या तोंडाने बोलू?"

ती उठली आणि समोरच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर घेतली, पदर सारखा केला, आणि अनोळखी बाई विचारते तसं विचारलं, "कुठपर्यंत जाणार?"

त्यांनी मान वर केली. ती थट्टा करत नव्हती.

"घरापर्यंत."

"मलाही तिथंच उतरायचंय. घरी कोण असतं?"

"बायको." खाली बघतच ते बोलायला लागले. "तिचं ऑपरेशन होतं. मला इतकी भीती वाटत होती की तिच्या खाटेशी उभं राहवेना. रजा मिळत होती, मी घेतली नाही. पळून आलो मी. आणि तिला नुसतं म्हणालो, गाडीची वेळ झाली."

"हे तिला कधी सांगितलंत?"

"नाही," ते म्हणाले, आणि परक्यांसमोर रडले होते तसे तिच्यासमोर रडायला लागले.

तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांना पाणी दिलं.